तसबिरीची पाठ



या व्याख्यानमालेत माझ्याआधी चित्रकार बोलून गेले, समीक्षक बोलून गेले. मी दोन्ही नाही. माझा धंदा कागदाचा. फाटलेला, भिजलेला, कसरीने चाळण केलेला कागद पुन्हा हातात धरण्याजोगा करायचा, एवढंच मला येतं. त्यामुळे चित्राच्या सौंदर्याविषयी आज माझ्याकडून फारसं ऐकायला मिळणार नाही. मी बोलणार आहे ते तसबिरीच्या पाठीविषयी. भिंतीकडे तोंड करून असलेली ती बाजू वर्षानुवर्षं कोणी बघत नाही, आणि चित्राचं बरंवाईट तिथेच ठरतं.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते मास्तर वर्गात जी चित्रं दाखवत, ती छापीलच होती. साताऱ्या-सांगलीकडच्या बहुतेक घरांनी चित्र म्हणून जे पाहिलं ते छापील कागदावरच पाहिलं. मूळ तैलचित्र राजवाड्यात. वाड्याच्या सोप्यात, दुकानाच्या गादीवर, शाळेच्या ऑफिसात होती ती छापील तसबीर. तरी छापील म्हणजे नक्कल आणि नक्कल म्हणजे टाकाऊ, हे आपल्या मनात इतकं पक्कं आहे की वाडा उतरवताना कडीपाट, खांब, दारं विकली जातात आणि तसबिरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. त्यातही काचेला आणि पट्टीला भाव मिळतो. कागदाला नाही.

या कागदांचा उगम थोडक्यात सांगतो. 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह पुण्यात चित्रशाळा काढली. शिळाछापावरची रामपंचायतनं तिथून घरोघर गेली. सुरुवातीच्या चित्रांत देवांच्या जोडीला नाना फडणीसही होते, हे मला फार बोलकं वाटतं. छापील चित्र ही तेव्हाच राजकारणाचीही वस्तू झाली होती. 1894 मध्ये रविवर्म्याने गिरगावात छापखाना सुरू केला. शकुंतलेच्या जन्माचं चित्र तिथलं पहिलं. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि 1903 मध्ये फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमात पडण्याआधी या छापखान्यासाठी काम केलं होतं.

हे छापणं कष्टाचं होतं. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर चिकट, तेलकट खडूने चित्र काढायचं. शिळा ओली केली की कोऱ्या जागी पाणी धरतं आणि खडूच्या जागी फक्त तेलकट शाई धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. लक्ष्मीच्या गालावरची छटा उतरायला तोच कागद पुन्हा पुन्हा, केसभरही न सरकता, दाबाखाली जायचा. शेवटी वरून रोगण, आणि कधीकधी कॅनव्हासचा पोत उठावा म्हणून आणखी एक दाब. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून केलेलं हे ओलिओग्राफ. घरच्या बायकांनी त्यावर जरी, टिकल्या आणि खरं कापड चिकटवून लक्ष्मीला शालू नेसवला, तो भाग वेगळाच. त्याकडे पुढे येतो.

आता कागदाकडे. साताऱ्याच्या माणसाला यासाठी दूर जायला नको. इथले रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस, जन्म 1870 आणि मृत्यू 1926, हे संग्राहक म्हणून किती मोठे होते हे आज आपल्याच गावात थोड्यांना ठाऊक आहे. ‘इतिहाससंग्रह’ हे त्यांचं मासिक. इंग्रज अधिकारी किंकेड यांच्याबरोबर लिहिलेला मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास त्यांचा. 1917 साली सांगली संस्थानावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं तेही त्यांनीच. वाईजवळच्या मेणवलीचं नाना फडणिसांचं दप्तर त्यांच्या हाती आलं. जुनी चित्रं, छापील तसबिरी, कागदपत्रं जमवून 1925 मध्ये साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभं राहिलं. 1939 मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्याचं धन पुण्याला गेलं म्हणून हळहळणारे मला भेटतात. मी हळहळत नाही. कागदाला गाव नसतं. त्याला कोरडी खोली आणि रोज बघणारा माणूस लागतो.

पारसनिसांचं नाव मी काढलं ते एका कोड्यासाठी. मेणवली दप्तरातला पेशवाईतला मोडी कागद आज सव्वादोनशे वर्षांनंतरही घडी उलगडली तर उलगडतो. शाई काळीभोर असते, कागद वाकतो, मोडत नाही. त्याच्यापेक्षा शंभर वर्षांनी लहान असलेली, 1905-10 च्या सुमाराची छापील तसबीर मात्र कोपऱ्याला हात लावला की पापडासारखी तुटते. धाकटा आधी म्हातारा का झाला?

उत्तर कागदाच्या जन्मात आहे. जुन्नर, दौलताबादकडचा हातकागद चिंध्यांच्या आणि तागाच्या लांब तंतूंचा, खळ लावून दगडाने घोटलेला. एकोणिसाव्या शतकात युरोपात चिंध्या पुरेनात. 1840 च्या दशकात लाकूड दळून त्याचा लगदा करण्याची रीत निघाली. त्याआधीच, 1807 पासून, शाई फुटू नये म्हणून लगद्यातच तुरटी आणि राळ घालायची पद्धत आली होती. तुरटी आम्लधर्मी. लाकडातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने तपकिरी होतं आणि स्वतः आम्ल सोडतं. या आम्लाने कागदाचे तंतू आतल्या आत तुटत जातात, हवेतली ओल त्या कामाला हातभार लावते. म्हणजे स्वस्त छपाईने चित्र घरोघर नेलं, आणि त्याच स्वस्त कागदात चित्राच्या मरणाची तारीखही लिहून ठेवली. ती तारीख पुढे ढकलणं आपल्या हातात असतं. जवळ आणणंही असतं, आणि आपण बहुतेक वेळा दुसरंच करतो. तेसुद्धा प्रेमाने, फ्रेम करून.

जुनी तसबीर उघडतानाचा अनुभव सांगतो, कारण क्रम जवळपास ठरलेला आहे. पाठीवर तपकिरी कागद, तोही खळीने चिकटवलेला आणि कसरीने कुरतडलेला. त्याखाली गंजलेल्या चुका. मग फळ्या. चांगल्या सागाच्या क्वचित. बहुधा मालाच्या खोक्याच्या, दोन-तीन शेजारी शेजारी लावलेल्या. दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून धूळ आणि धूर आत गेलेला असतो आणि चित्रावर त्या फटीची उभी काळी रेघ बरोबर उमटलेली असते. फळीत गाठ असेल तर गाठीचा गोल डाग शारदेच्या वीणेवर किंवा रामाच्या छातीवर आलेला असतो. लाकडातून निघणारी आम्लं थेट कागदात उतरलेली असतात. पुढच्या बाजूला कागद काचेला टेकलेला. पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरतं, रोगण मऊ होतं, चित्र काचेला चिकटतं. ते ओढून काढलं की लक्ष्मी काचेवर राहते आणि हातात कोरा कागद येतो.

नंतरच्या काळातल्या फ्रेमा याहून वाईट निघाल्या. निदान जुना फ्रेमवाला चित्र कशाला चिकटवत नव्हता. आता हार्डबोर्डवर पांढऱ्या गोंदाने सबंध चित्र थापतात, कारण गिऱ्हाइकाला कागदावर एकही लाट दिसलेली चालत नाही. कागद हा श्वास घेणारा पदार्थ. हवा दमट झाली की तो फुगतो, कोरडी झाली की आकसतो. चारी बाजूंनी जखडला की कुठेतरी फुगवटा येतो नाहीतर फाटतो. आणि तो गोंद पुढे कोणालाही काढता येत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावला असेल तर काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचं चिकट द्रव्य कागदात मुरून तपकिरी पट्टा कायमचा राहतो. लॅमिनेशनबद्दल मी काही बोलत नाही. ते केलेलं चित्र माझ्याकडे आणू नका, एवढंच म्हणतो.

यात सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट म्हणजे कात्री. घरात रिकामी फ्रेम आहे, चित्र चार बोटं मोठं आहे, म्हणून कडा कापायच्या. ‘नुसता पांढरा समास तर आहे.’ त्या समासातच छापखान्याचं नाव असतं. रविवर्मा प्रेस, कार्ले-लोणावळे असं खाली छापलेलं असेल तर चित्र गिरगावातल्या दिवसांचं नाही हे एका नजरेत कळतं. चित्रशाळेचं नाव, चित्राचा क्रमांक, कधी किंमतसुद्धा तिथे असते. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या जुन्या विलायती चित्रांत पत्र्याच्या दाबाची बुडलेली रेघ समासात दिसते. ती गेली की चित्र खरं की नंतरची छपाई हे सांगणं अवघड होतं. समास कापणं म्हणजे जन्मदाखला फाडून टाकणं. फ्रेम मोठी करा, चित्र लहान करू नका.

मग योग्य फ्रेम कशी असते? फार अवघड काही नाही. कागद कशाला टेकतो आणि कशाने धरलेला आहे, या दोनच गोष्टींवर तिची सगळी मदार.

टेकण्याचं आधी. मागे आणि पुढे आम्लमुक्त माउंट बोर्ड. कापसाच्या तंतूंचा असेल तर उत्तम. पुढच्या बोर्डाला खिडकी कापतात ती नुसत्या शोभेसाठी नसते. काच आणि चित्र यांच्यात हवेची जागा राहावी म्हणून ती असते, आणि ओलिओग्राफचं रोगण लक्षात घेता ती जागा सढळ हवी. साधा पिवळट पुठ्ठा वापरला तर खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी चौकट उमटते. जुनी फ्रेम उघडली की ती हमखास दिसते. दुकानदार ‘अ‍ॅसिड-फ्री’ म्हणतो तेव्हा बोर्डाच्या आतला थर बघा. वरचा पांढरा कागद आम्लमुक्त आणि पोटात साधा लगदा, असा माल सर्रास मिळतो. पीएच पेनने कापलेल्या कडेवर रेघ ओढली की खरंखोटं कळतं.

धरण्याचं नंतर. चित्र फक्त वरच्या कडेला, दोन छोट्या बिजागऱ्यांवर टांगायचं. बिजागरी म्हणजे लांब तंतूंच्या जपानी कागदाचा बोटभर तुकडा, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेला. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. पन्नास वर्षांनी कोणाला माझं काम चुकीचं वाटलं तर त्याला ते सुखाने काढता आलं पाहिजे. आपल्याकडे बाइंडर मंडळी खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. कीड थांबते हे खरं, पण तांब्याचे क्षार कागदाचा नाश वेगाने करतात. चित्राच्या खळीत मोरचूद नको. खळ पातळ लावा, ताजी करा, उरलेली फेकून द्या.

चित्र ‘स्वच्छ’ करण्याच्या घरगुती उपायांपासून दूर राहा. पिवळेपणा दोन प्रकारचा असतो. एक वरच्या रोगणाचा, दुसरा खालच्या कागदाचा. दोन्ही आजार वेगळे, उपाय वेगळे, आणि बाहेरून बघून भल्याभल्यांना फरक कळत नाही. ओलं फडकं, स्पिरिट, पावाचा गर, कापलेला बटाटा असं सगळं लोकांनी करून बघितलेलं आहे. घरी करायचं ते एवढंच: मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढायची. फाटलेल्या किंवा पोपडे सुटलेल्या जागी तेही नाही. पुढचं काम जाणत्याचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, पुण्यात भांडारकर संस्थेत हस्तलिखितांच्या जतनाचं काम चालतं, लखनौला राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. फोन करून विचारायला पैसे पडत नाहीत.

आता उजेड. यासाठी औंधला जावं. 1909 मध्ये गादीवर आलेले भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी हा विलक्षण माणूस. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचा प्रचारक. त्यांनी स्वतःच्या चित्रांचं रामायण छापवून घेतलं. 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभं केलं. रविवर्मा, धुरंधर यांच्यापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंतचा संग्रह खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर असावा, याचं परदेशी पाहुण्यांना आश्चर्य वाटतं. आपल्याला वाटत नाही, कारण आपण शाळेच्या सहलीत तिथे धावत जाऊन धावत आलेलो असतो. पुन्हा जाल तेव्हा चित्रांवर उजेड कुठून पडतो ते बघा. तो वरून येतो, सौम्य असतो, ऊन थेट चित्रावर येत नाही. विजेच्या दिव्यांवर फारसं विसंबायचं नाही असं ठरवून ज्याने भिंती घातल्या, त्याला चित्रकाराची नजर होती.

कागदावरच्या चित्रासाठी जगभरची संग्रहालयं उजेडाची मर्यादा साधारण 50 लक्स धरतात. घरात खिडकीजवळ सहज 2000 लक्स असतो. म्हणजे खिडकीसमोरचा एक दिवस हा संग्रहालयातल्या चाळीस दिवसांएवढा. उजेडाचं नुकसान साठत जातं आणि उडालेला रंग परत येत नाही. चित्र काही महिने अंधारात ठेवलं म्हणून त्याला विश्रांती मिळून ते बरं होत नाही. फक्त त्या महिन्यांपुरतं नुकसान थांबतं. अतिनील किरण अडवणारी काच मिळते, तिचा उपयोग आहेच. पण तिच्या भरवशावर तसबीर उन्हात टांगली तर रंग जरा सावकाश उडतील, इतकंच.

भिंतीबद्दल जुन्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. वाड्यात तसबिरी कशा लावायचे आठवा. उंचावर, तुळईखाली, दोरीने टांगून, वरची कड पुढे झुकलेली. आपण म्हणतो खालून नीट दिसावं म्हणून. असेलही. पण त्या झुकण्याने पाठीमागे हवा खेळायची, भिंतीची ओल थेट पाठीला लागायची नाही. आता आपण तसबीर भिंतीला सपाट चिकटवतो, तीही पावसाच्या माऱ्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर, कारण सोफा समोर आहे. साताऱ्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला साधारण पासष्ट-सत्तर पुरते. तेव्हा आतली भिंत निवडा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे तुकडे लावा म्हणजे पाठ भिंतीपासून सुटेल. कपाटात डांबरगोळ्या नकोत. पोथ्यांच्या कपड्यात वेखंड ठेवायची जुनी रीत चांगली आहे, फक्त त्याची पूड कागदावर पडू देऊ नका. आणि पावसाळा संपल्यावर, नवरात्राच्या साफसफाईत, प्रत्येक तसबीर उतरवून एकदा पाठ बघा. वाळवीची मातीची रेघ दिसली तर आधी भिंतीचं बघा. नुसती तसबीर दुसरीकडे हलवून वाळवी जात नाही.

इथे एक अडचण उभी राहते आणि ती संग्रहालयाच्या पुस्तकांत सापडत नाही. आपल्या बहुसंख्य तसबिरी या देव आहेत. त्यांना हळदकुंकू लागतं, हार चढतो, समोर निरांजन आणि उदबत्ती असते. संवर्धनाचं शास्त्र म्हणेल हे सगळं बंद करा. मी म्हणणार नाही. पूजेसाठी छापलेलं चित्र पूजेतून काढून अंधाऱ्या कपाटात ठेवलं तर आपण कागद वाचवला आणि वस्तू मारली. मधला मार्ग सोपा आहे. कुंकू काचेवर, कागदावर नाही. काच तडकली की त्याच आठवड्यात बदला. समई तसबिरीच्या थेट खाली नको, हातभर पुढे असू द्या. हार फ्रेमच्या वरच्या खिळ्याला अडकवण्यापेक्षा वेगळ्या खुंटीला अडकवा. ओल्या फुलांचं पाणी फ्रेमच्या सांध्यातून आत जातं आणि वरच्या कडेला जो ओघळ दिसतो तो बहुधा तिथूनच आलेला असतो. आणि पूर्वी कोणी चिकटवलेली जरी, टिकल्या, कापडाचा पदर काढून चित्र ‘मूळ’ करू नका. पणजीने दुपारी बसून केलेलं ते काम आता चित्राचाच भाग आहे. कागदावरच पडलेले जुने कुंकवाचे ठिपके काढून द्या असं मला सांगितलं जातं. मी बहुधा नाही म्हणतो.

औंधवरून सांगलीकडे जायला फार वळण घ्यावं लागत नाही. औंध संस्थानचा मुलूख तुटक होता. आटपाडी, कुंडल हे त्याचेच भाग आणि आज ते सांगली जिल्ह्यात आहेत. 1910 मध्ये याच कुंडलच्या माळावर, पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथून 1920 पासून ‘किर्लोस्कर खबर’ (पुढे नुसतं ‘किर्लोस्कर’), 1930 पासून ‘स्त्री’, 1934 पासून ‘मनोहर’ निघू लागलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. पंडित सातवळेकरांकडे लाहोरला शिकलेले. ते सातवळेकर पुढे औंधला येऊन राहिले आणि वेदांचे भाष्यकार म्हणून गाजले; चित्रकार म्हणून त्यांची आठवण कोणी काढत नाही. या मासिकांची रंगीत मुखपृष्ठं कापून लोकांनी फ्रेम केली. ही छपाई शिळेची नव्हती, ब्लॉकची होती. भिंगातून बघितलं की फरक कळतो. शिळाछापात रंगाचे कण वेडेवाकडे, वाळू शिंपडल्यासारखे असतात. ब्लॉकच्या छपाईत ठिपक्यांची शिस्तीत रांग दिसते. आज कोणी ‘जुना रविवर्मा’ म्हणून विकायला आणला तर पैसे काढण्याआधी भिंग काढा.

ब्लॉकच्या रंगीत छपाईसाठी गुळगुळीत आर्ट पेपर वापरत. त्यावर चिनी मातीचा थर असतो, आणि सांगलीत त्याला फार महत्त्व आहे. कारण सांगलीत कृष्णा घरात येते.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने 57 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण 45 फुटांवर आहे. त्याआधी 2005 चा पूर होता, नंतर 2021 चा आला. 2019 च्या पुरात नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि पुस्तकांचा लगदा झाला. घराघरांत जे भिजलं त्याची नोंद कोणी केली नाही. पूर ओसरल्यावर जे झालं ते बघून मला बोलावंसं वाटलं. लोकांनी तसबिरी गच्चीवर कडक उन्हात ओळीने मांडल्या. उन्हात कागदाची वरची बाजू आधी आकसते, कागद गुंडाळतो, रोगण फुटतं. काही तसबिरी तशाच बंद फ्रेममध्ये ‘वाळू दे’ म्हणून भिंतीला टेकवून ठेवल्या. आठवड्याने आत काळी बुरशी होती. आर्ट पेपरच्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे वाळले तेव्हा विटा झाले, कारण मातीचा थर ओला असताना डिंकासारखा असतो आणि वाळताना पान पानाला धरतो. वाळल्यावर ते कोणालाही सुटत नाहीत.

भिजलेल्या तसबिरीचं घड्याळ अठ्ठेचाळीस तासांचं असतं. त्यानंतर बुरशी धरू लागते. तेवढ्यात मागच्या चुका काढून फळ्या, पुठ्ठा बाजूला करा. चित्र काचेपासून आपसूक सुटत असेल तर सुटू द्या. चिकटलेलं असेल तर हात लावू नका, काच खाली ठेवून चित्र काचेसकट आडवं ठेवा आणि जाणत्याकडे द्या. सुटलेलं चित्र हातावर उचलू नका. ओला कागद स्वतःचंच वजन पेलत नाही. प्लॅस्टिकचा जाड कागद खाली घेऊन, त्याच्या आधाराने उचला. सावलीत, टीपकागदावर किंवा स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर, चित्राची बाजू वर करून ठेवा. पंखा लावा, पण झोत चित्रावर नको. रोगणाच्या बाजूवर काही ठेवू नका, ते चिकटेल. आर्ट पेपरची पानं ओली असतानाच एकेक सोडवा. एवढं करायला वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि महिन्याने सवडीने काम करता येतं. 2019 मध्ये अनेक भागांत वीजच नव्हती, तेव्हा फ्रीझर कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून खरा उपाय पुराआधीचा. नदीकाठच्या वस्तीत तळमजल्यावर तसबिरी टांगायच्याच असतील तर घरात कोणती आधी उतरवायची हे जूनमध्येच ठरवून ठेवा. पाणी वाढताना माणूस गॅस सिलिंडर उचलतो, ते बरोबरच आहे.

सगळं वाचवता येणार नाही, हे मी पहिल्यांदा कबूल करतो. बोर्ड महाग, जपानी कागद महाग, आणि छोट्या गावातला फ्रेमवाला हे ठेवत नाही, कारण मागायला कोणी येत नाही. मग निवड करावी लागते. निवडीबाबत माझं मत थोडं उलटं आहे. रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती हजारोंनी छापल्या गेल्या, आज त्यांच्या मागे संग्राहक आहेत, लिलाव आहेत. 1972 च्या आगीत मळवलीचा छापखाना गेला तरी त्याच्या चित्रांच्या प्रती जगभर शिल्लक आहेत. तुमच्या घरातली एक गेली तर वाईट वाटेल, पण चित्र जगातून जाणार नाही. ज्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही ती वेगळी आहेत. गावच्या यात्रेचं स्थानिक छापखान्यातलं चित्र, हळदीच्या अडत पेढीचं कॅलेंडर, नाटक कंपनीची रंगीत जाहिरात, संस्थानी शाळेतला रंगीत तक्ता. यांच्यावर चित्रकाराचं नाव नसतं, लिलावात ती येत नाहीत, आणि म्हणून वाडा उतरवताना सगळ्यांत आधी हातगाडीवर तीच चढतात.

माझ्याकडे पैसे एकाच चांगल्या बोर्डाचे असते तर मी ते या कॅलेंडरवर घातले असते. मास्तरांच्या विद्यार्थ्यांत आज कितीतरी चित्रकला शिक्षक आहेत. त्यांना माझी सूचना अशी की पुढच्या दिवाळीच्या सुटीत मुलांना घरातल्या सर्वांत जुन्या छापील चित्राचे दोन फोटो काढायला सांगा. एक पुढून, खालच्या समासातली अक्षरं वाचता येतील असा. दुसरा मागून, फ्रेम न उघडता. सोबत आजीला विचारून चार ओळी: कोणी आणलं, कुठून, कोणत्या भिंतीवर होतं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत काय टांगलेलं आहे याची यादी कोणाकडेच नाही, आणि फ्रेमवाल्याकडे बोर्ड मागायला कोणी जायचं ते त्या यादीशिवाय ठरणार नाही.